चौथा हात

त्या आठवड्यात हवेलाच घाम सुटला होता. भिंती ओल्या, अंथरुणं ओली, मिठाच्या बरणीत पाणी, आणि सरपणाला हात लावावा तर बोटं गार पडायची. बिडाला असली हवा म्हणजे वैरीण. सकाळी विटेच्या तुकड्यानं घासून लख्ख केलेला तवा जेवणवेळेपर्यंत तांबूस पडायचा आणि सून कपाळाला हात लावायची. असे एकशेवीस तवे पडवीत भिंतीला टेकून उभे होते. शुक्रवारी सकाळी ते सगळे काळे, कोरडे आणि मुरलेले हवे होते.

गावाच्या टोकाला ओतशाळा होती. तिथं बिडाचे दांडीचे तवे ओतत. कच्चा तवा साच्यातून निघतो तेव्हा राखाडी असतो, अंगावर वाळूचे कण असतात आणि त्यात काही शिजवायला जावं तर ते तळाला धरलंच समजा. म्हणून तो मुरवायचा. घासायचा, धुवायचा, विस्तवावर कोरडा करायचा, जवसाच्या तेलाचा हात द्यायचा, आणि दिलेलं तेल चिंधीनं असं पुसून काढायचं की बघणाऱ्याला वाटावं, लावलंच नव्हतं. मग भट्टीत पालथा घालायचा आणि तेलाचा धूर पुरता थांबला की सांडशीनं बाहेर काढायचा. असे तीन हात. ना कमी, ना जास्त.

हे काम पूर्वी सात घरांत चाले. कारखान्यानं विजेची भट्टी मागवायचं ठरवलं आणि सातांची तीन घरं झाली. गेल्या महिन्यात पलीकडच्या घरचा ढीग नापास झाला, दोन राहिली. विजेची भट्टी यायला अजून दोन वर्षं होती. तेवढी दोन वर्षं काढली की सुनेच्या नवऱ्याला साचेकामात कायम करणार होते. तोवर घर चालायचं ते सासूसुनेच्या हातावर. यादीतून नाव गेलं की चूल थंड. सुनेला झोपेतसुद्धा ही यादी दिसायची.

दोघींपैकी खरी कारागीर सासू. चाळीस वर्षं तिनं तेलाची चिंधी हातात धरली होती. बोलायला फटकळ, कामाला वाघ. पण दोन वर्षांपासून तिच्या डोळ्यांवर सायीसारखा पडदा आला होता. उंबऱ्याला ठेच लागायची, तांब्या समजून डबा उचलायची आणि वर म्हणायची, "मेले वस्तू जागेवर ठेवत नाहीत." बुधवारी भट्टीतून तवा काढताना तिचं मनगट कडेला टेकलं. चर्र झालं. तिनं हूं का चूं केलं नाही, पाण्यात हात बुडवला आणि पुढचा तवा मागितला.

"आई, जरा बसा ना. मी काढते," सून म्हणाली.

"बसून काय करू? अंडी घालू?"

"अहो, मनगट बघा केवढं भाजलंय."

"दिसत नाही म्हणतेस ना मला? मग बघू कशाला?"

सुनेनं पुढचा तवा पुढं केला.

त्या संध्याकाळी नवरा ओतशाळेतून आला तो केसांत, भुवयांत वाळू घेऊनच. सुनेनं घरच्या जुन्या तव्यात बटाट्याच्या चकत्या आणि कांदा परतला होता. हा तवा सासूच्या सासूचा. त्याला साबण दाखवलेलासुद्धा सासूला चालत नसे. चमचाभर तेलात चकत्या खरपूस झाल्या आणि एकही तळाला चिकटली नाही. जेवण झाल्यावर सासू तवा कोमट पाण्यानं धुवायला मोरीवर गेली तसा नवरा हळू आवाजात म्हणाला, "आज तपासनीस भेटला होता."

सुनेचे कान टवकारले. तपासनीस म्हणजे कारखान्याचा ढीग तपासणारा माणूस. खांद्याला अंड्यांची पिशवी अडकवून यायचा म्हणून वस्तीत त्याला सगळे अंडेवाला म्हणत. तोंडावर मात्र साहेब.

"काय म्हणाला?"

"आईच्या डोळ्यांचं विचारत होता."

"त्याला कोणी सांगितलं?"

नवऱ्यानं ताटातला कांदा बोटानं इकडून तिकडे केला. "मीच बोललो. आज ना उद्या कळणारच होतं. तो म्हणाला, म्हातारीचं नाव काढा आणि बायकोचं एकटीचं लावा. तुझा हात चांगला आहे म्हणाला."

"आईंना हे कोण सांगणार?"

"तू सांग. बायकाबायकांचं आहे."

असे हे शूर. बाराशे अंशांवर वितळलेलं बीड ओतताना डोळा लवत नाही, आणि आईपुढं एक वाक्य बोलायची वेळ आली की बायकांचं होतं. मोरीवरचा पाण्याचा आवाज मघाच थांबला होता, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

गुरुवारी दुपारपर्यंत तिसरा हात संपला. एकशेवीस तवे दोन ढिगांत लागले. दांडीच्या मागं खडूची खूण करायची रीत होती, म्हणजे कुणाच्या हातचा तवा ते साहेबाला कळावं. सासूची एक रेघ, सुनेचे दोन ठिपके. सासूचं डोकं धुरानं ठणकत होतं. ती आतल्या खोलीत ओल्या फडक्याची घडी कपाळावर ठेवून पडली आणि पडता पडता म्हणाली, "आता हात लावू नकोस कशाला. निवू दे त्यांना."

सून पडवीत उभी राहून ढिगांकडं बघत होती. तिचे तवे कसे तुकतुकीत दिसत होते. सासूचे मात्र मंद, कोळशाच्या भुकटीसारखे. कालपर्यंत हे तिच्या डोळ्यांत आलं नव्हतं. आज आलं ते जाईना.

तेवढ्यात कुंपणापलीकडून पलीकडच्या घरची बाई डोकावली. नापास झाल्यापासून तिला वेळच वेळ होता.

"झाले का गं तवे?"

"झाले."

"हे मंद कुणाचे? सासूबाईंचे?" ती बाई कुंपणावर कोपरं टेकून म्हणाली. "बाई बाई! अर्धवट पुसल्यासारखे दिसतात. दिसत नाही ना त्यांना, तेल कुठं लागलं नि कुठं नाही कळणार कसं? आमचंही असंच झालं हो. बघ बाई, मी आपलं सांगितलं."

सांगून ती गेली, पण सुनेच्या मनात शंका पेरून गेली. ती एकेक तवा उजेडाकडं धरून बघायला लागली. जितकं बघावं तितके ते तवे तिला उपाशी वाटायला लागले. शेवटी तिनं आतल्या खोलीचं दार अलगद ओढून घेतलं, सासूच्या ढिगातले सर्वांत मंद दिसणारे सोळा तवे वेगळे काढले आणि तेलाची वाटी जवळ ओढली.

तिच्या मनात पाप नव्हतं, हे सांगायलाच हवं. म्हातारीची अब्रू झाकावी आणि घराचं नावही राहावं, एवढंच तिला वाटत होतं. पण घाई होती. तव्याला तकाकी यावी म्हणून तिनं तेल जरा सढळ हातानं लावलं आणि पुसलं बेतानंच. भट्टीत घातलेलं लाकूड ओलं. ते फुरफुरत होतं आणि भट्टीच्या तोंडातून धूर नुसता लोटत होता. तो लाकडाचा किती आणि तेलाचा किती, कोण सांगणार? सासूला वासावरून कळायचं. सुनेला ती विद्या नव्हती. धूर जरा विरळ झाला तशी तिनं तवे बाहेर काढले. सोळाच्या सोळा आरशासारखे चमकत होते. तिला बरं वाटलं. रेघेच्या खुणेला धक्का न लावता तिनं ते जागच्या जागी रचून ठेवले.

शुक्रवारी सकाळी झाडलोट करताना ती सहज ढिगापाशी थांबली आणि वरच्या तव्यावरून बोट फिरवलं. बोट सरकलं नाही. कातडी किंचित ओढली गेली. तिनं दुसरा तवा बघितला, तिसरा बघितला. सगळे चिकट. गुळाचा हात लागल्यासारखे. हे जाळून, वाळूनं घासून, पुन्हा तीन हात द्यायचे म्हणजे दीड दिवसाचं काम, आणि रस्त्यावर साहेबाच्या मोटारसायकलचा आवाज तर आलासुद्धा.

तपासनीस पडवीत बसला तो घरच्यासारखा ऐसपैस. पिशवीतून अंडी काढली, छोटी शेगडी मांडली, कापसाचा बोळा मांडीशी ठेवला. चाळीशीतला माणूस, आवाज मऊ आणि नजर कोरडी.

"आजी, बऱ्या आहात ना?" त्यानं सासूच्या तोंडासमोर हात धरला. "ही बोटं किती?"

सुनेनं मान खाली घातली.

"बोटं मोजायला मी काय शाळेत बसलेय?" सासू म्हणाली. "तुम्ही तवे मोजा साहेब. ते तुमचं काम."

तो हसला, पण टिपण करायच्या वहीत काहीतरी लिहिलं. मग त्याची ठरलेली परीक्षा सुरू झाली. ढिगातून मनाला येतील ते तीन तवे उचलायचे, तापवायचे, आणि तेलाचा थेंबही न घालता अंडं फोडायचं. अंडं सरकलं तर तवा पास. तिन्हीत एक जरी चिकटला तर सगळा ढीग उघडायचा आणि प्रत्येक तव्यावरून कापूस फिरवायचा. कापसाचे तंतू धरणारे तवे दहाच्या वर निघाले की घर यादीतून बाद. पलीकडच्या घरचे बारा निघाले होते.

पहिला तवा दोन ठिपक्यांचा, सुनेचा. अंड्याची कड पांढरी झाली, त्यानं दांडी हलवली तसं अंडं थोडं अडखळलं आणि सरकलं. दुसरा एका रेघेचा. मंद, कोळशाच्या भुकटीसारखा दिसणारा, सुनेचा हात न लागलेला. त्यात अंडं पडलं आणि दांडी हलवायच्या आधीच डुलायला लागलं.

"वा!" साहेबाच्या तोंडून निघून गेलं.

सुनेनं ते बघितलं. जे आधी कळायला हवं होतं ते तिला आत्ता कळलं. मुरलेला तवा मंदच दिसतो. तकाकी असते ती कच्च्या तेलाची. हे सासूनं तिला दहा वेळा सांगितलं असेल, पण तिनं ऐकलं कानांनी आणि विश्वास ठेवला डोळ्यांवर.

तिसरा तवा त्यानं वरून उचलला. चमचमता. एका रेघेचा. तापला तसा त्याला खवट वास सुटला. अंडं पडलं ते पडलं. हलवलं, खरवडलं, शेवटी ते फाटलं आणि पिवळा बलक तव्यावर पसरून करपला.

साहेबानं शेगडी विझवली आणि कापूस हातात घेतला.

एकशेवीस तवे तपासायला तासाच्या वर लागला. त्या तासात सून भिंतीला टेकून उभी होती आणि तिच्या पायांना मुंग्या आल्या तरी ती हलली नाही. चिकट तवा निघाला की तो साहेब डावीकडं ठेवायचा. बीड जमिनीवर टेकल्याचा तो ठण् आवाज सासू कान देऊन ऐकत होती. शेवटी डावीकडं सोळा झाले.

"सोळा," तो म्हणाला. "आणि सोळाही एका रेघेचे."

बोलायचं तर आत्ता, सुनेला वाटलं. आपण तोंड उघडलं तर काय होईल, याचा हिशेब तिचं मन वेड्यासारखं करत होतं आणि दर वेळी उत्तर एकच येत होतं: बोललं तरी घर गेलंच.

"त्यातला एक द्या इकडं," सासू म्हणाली.

साहेबानं तवा तिच्या हातात दिला. तिनं तो नाकाशी धरला. अंगठा कडेपासून मध्यापर्यंत फिरवला, मग उलटा. जिभेचं टोक लावलं. तव्याचं वजन दोन्ही हातांवर जोखलं. सासूचा अंगठा एका जागी थांबला, आणि तिचा चेहरा हळूहळू सुनेच्या दिशेला वळला. त्या साय धरलेल्या डोळ्यांना भिंतीपाशी एक धूसर आकृती दिसत असेल, फार तर. पण सुनेला त्यांच्यापुढं उभं राहवेना.

"साहेब," सासू म्हणाली, "एकाच हातचे तवे बिघडले असतील तर काय नियम आहे?"

"तो हात बाद करता येतो. दुसरा चांगला असेल तर घर ठेवता येतं. पण तसं लिहून द्यावं लागतं."

"मग लिहा. माझे डोळे गेलेत. तेल जास्त झालं ते मला दिसलं नाही. सुनेचा त्यात काही दोष नाही. आजपासून मी तव्याला हात लावणार नाही."

"आजी, म्हणजे कायमचंच बरं का. मागाहून कुरकुर चालायची नाही."

"चाळीस वर्षांत एक तवा परत आला नाही माझा. कुरकुर कशाला करीन?"

साहेबानं वहीवर पेन टेकवलं आणि सुनेकडं बघितलं. "खरं आहे का हे? यांच्याच हातचे आहेत ना?"

पडवीत कापसाचे तंतू उडत होते. सून म्हणाली, "हो."

एवढासा शब्द. तो उच्चारायला तिला जितके कष्ट पडले तितके दहा वर्षांत भट्टीपुढं पडले नव्हते.

साहेबानं म्हातारीचा अंगठा घेतला. तिला शाईचा डबा सापडेना, म्हणून त्यानंच तो धरून डब्यात टेकवला आणि मग कागदावर. सोळा तवे परत, एकशेचार मंजूर, घर यादीत कायम. नव्या ओळीत सुनेचं एकटीचं नाव लागलं. दुपारी गाडी येऊन तवे घेऊन गेली.

गाडी दिसेनाशी झाली तशी सून सासूच्या पायांशी येऊन बसली आणि तिला रडू कोसळलं. सासू तिला रडू देत बसली. पाठीवरून हात वगैरे फिरवला नाही. मग म्हणाली, "किती हात दिलेस?"

"एकच. चौथा."

"ओलं लाकूड घालून."

"हो."

"मी हात लावू नकोस म्हटलं होतं."

"मला वाटलं तुमचे कच्चे राहिलेत. मंद दिसत होते." सून उठली. "आई, मी आत्ताच्या आत्ता जाते ओतशाळेत, साहेबांना सांगते."

"आणि?" सासूचा आवाज चढला. "तू बाद झालीस तर तो मला ठेवील होय? आंधळीला? घर जाईल घर. बस खाली. अक्कल असती तर काल गप्प बसली असतीस, आज तरी बस."

सून बसली. सासू पुढं बोलली ती हळू, एकेक शब्द तोलून.

"परवा मोरीवरून सगळं ऐकलं मी. पोटच्या पोरानं परक्याला सांगितलं, माझ्या आईला दिसत नाही. बरोबरच सांगितलं. नाहीच दिसत. पण दिसत नाही म्हणजे काम येत नाही, हे त्यानं कुठून काढलं? आणि तू कुठून काढलंस?"

सुनेनं पदरानं डोळे पुसले.

"ऐक. बाहेर मला आंधळी म्हणा. वस्तीत म्हणा, ओतशाळेत म्हणा. पलीकडची येईल कुंपणावर, तिलाही सांग, सासूनंच तवे बिघडवले. पण घरात नाही. या घरात ते तवे कुणी बिघडवले हे माझ्या पोराला कळलं पाहिजे. आज. माझ्यादेखत."

"आई, ते मला..."

"काय करील? रागावेल. चार दिवस बोलणार नाही. मी उरलेला जन्म हात बांधून बसणार आहे."

सुनेनं उठून पडवी झाडली, कापूस गोळा केला, ते सोळा तवे कोपऱ्यात नेऊन ठेवले. मग चूल पेटवली. लग्नाला अकरा वर्षं झाली, या घरात तिची एकही चूक तिनं तोंडानं कबूल केली नव्हती. तशी वेळच येऊ दिली नव्हती, हा तिचा मान होता.

दिवस कलला तसा नवरा आला. ओतशाळेत त्याला बातमी आधीच लागली होती. दारातच त्यानं हुश्श केलं.

"सुटलो बाबा! साहेब म्हणाला, घर राहिलं. तुझं नाव लागलं." मग आवाज खाली आणून आईला म्हणाला, "आई, तू वाईट वाटून घेऊ नकोस. वयापुढं कुणाचं चालतं? मी तर केव्हापासून म्हणत होतो, आता आराम कर."

सासूनं त्याला बसायला जागा करून दिली. ती स्वतः भिंतीला टेकून बसली, दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून. सुनेनं ताट वाढलं. त्यानं पहिला घास मोडला.

"तरी सोळा म्हणजे फारच झाले," तो घास चावत म्हणाला. "डोळ्यांनी दिसत नव्हतं तर सांगायचं ना आई. घर गेलं असतं आपलं तुझ्या पायी."

सासूनं फक्त मान वळवली, चुलीच्या दिशेला.

सुनेनं हातातलं उलथणं खाली ठेवलं. पदराला हात पुसले, पुसून झाल्यावर पुन्हा पुसले. मग ती येऊन नवऱ्याच्या ताटासमोर बसली.

"जेवण थांबवा जरा," ती म्हणाली. "ते तवे आईंनी नाही, मी बिघडवले."